चाकण परिसरात परवडणारी खोली आणि खात्रीचे काम : मदत हवी आहे

नमस्कार. माझा मावसभाऊ आणि त्याची पत्नी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून कामासाठी नुकतेच चाकणला आले आहेत. त्याने आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. परंतु कारखान्यांच्या गेटवर थेट भरती नाही, ठेकेदारामार्फत या, असे सांगितले जाते, आणि ठेकेदार कामावर घेण्याआधीच पैसे मागतो, जे मला मुळीच योग्य वाटत नाही.

खोलीचा प्रश्न त्याहून बिकट आहे. मेदनकरवाडी, नाणेकरवाडी भागात पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीलाही डिपॉझिट आगाऊ मागतात आणि भाडेकरार नोंदवायला मात्र तयार होत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पण तो विषय काढताच खोली दुसऱ्याला दिल्याचे उत्तर मिळते. कराराअभावी पत्त्याचा पुरावा नाही. गावच्या रेशनकार्डावर इथे धान्य घेता येते, तेवढाच आधार आहे.

ठेकेदाराला पैसे न देता चाकणच्या कारखान्यांत काम मिळवलेल्यांनी मार्ग सांगावा. दरमहा ४,००० रुपयांपर्यंत, करार करून देणारी खोली कोणाच्या माहितीत आहे का? ठेकेदार पीएफ खरोखर भरतो की नाही, हे रुजू झाल्यावर किती दिवसांनी तपासावे? वहिनींना शिवणकाम येते, त्यांच्यासाठीही काम असल्यास कृपया कळवावे.