ओल धरलेल्या सकाळी जुनी जिप्सी सुरू होत नाही. बॅटरी आणि प्लग बदलूनही तोच त्रास

माळढोक९८ (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची, कार्बोरेटरवर चालणारी जिप्सी किंग आहे. वडिलांनी ती शेतासाठी घेतली होती आणि नान्नजजवळच्या आमच्या काळ्या रानात, जिथे एका पावसात गाडीवाट गुडघाभर चिखलाची होते, तिथे आजही तिच्यावाचून आमचे चालत नाही. रात्री ती घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. शेडला वरून छप्पर आहे, पण बाजू उघड्या आहेत.

त्रास असा आहे. उन्हाळ्यात आणि कोरड्या थंडीत गाडी अर्ध्या सेल्फात सुरू होते. मात्र सप्टेंबर लागला, रात्रभर भुरभुर पाऊस पडला किंवा नुसते आभाळ दाटून हवा दमट झाली, की पहाटे सहाला सेल्फ जोमाने फिरतो आणि इंजिन काही केल्या पकडत नाही. पेट्रोलचा वास येतो, पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर एखादा सिलिंडर फट् करतो आणि पुन्हा शांतता. साडेनऊ-दहाला ऊन बॉनेटवर आले, की कशालाही हात न लावता हीच गाडी पहिल्या सेल्फात सुरू होते आणि दिवसभर एकदाही मिसिंग करत नाही.

जूनमध्ये बॅटरी नवी घातली, ऑगस्टमध्ये चारही प्लग बदलले, कार्बोरेटर उतरवून साफ करून घेतला. रात्री बॉनेटवर जाड चादर टाकून पाहिली, त्यानेही फरक पडला नाही. आता गॅरेजवाले कॉइल (बॅटरीचा करंट प्लगसाठी हजारो व्होल्टपर्यंत चढवणारा भाग) आणि संपूर्ण कार्बोरेटर बदलायला सांगत आहेत. प्लग बाहेर काढून त्यांनी मला ठिणगी दाखवली होती आणि ती चांगली पडत होती, त्यामुळे करंटचा दोष नाही असे त्यांचे म्हणणे आहे. सोयाबीन काढणीचे दिवस आहेत. माणसे बांधावर बसून वाट पाहतात आणि मी इथे चावी फिरवत बसतो. एवढा खर्च करण्याआधी अनुभवी मंडळींनी दिशा दाखवावी, ही विनंती.

पाना_पक्कड (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

आपण प्रश्न नीट मांडला आहे आणि निम्मे उत्तर त्या वर्णनातच आहे. सेल्फ जोमाने फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. वास येतो, म्हणजे पेट्रोल पोहोचते आहे. ऊन लागताच गाडी आपोआप सुरू होते, म्हणजे कार्बोरेटर दोषी नाही, कारण अडकलेले जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, उन्हाने मोकळे होत नाही. उरतो तो करंट, आणि तोही तयार होत नाही असे नाही, तर वाटेत गळतो. माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर (कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटून देणाऱ्या भागाच्या झाकणावर) आहे, दुसरा प्लगच्या वायरींवर. कॉइल मी सर्वांत शेवटी बदलेन.

मी जवळजवळ तीस वर्षे पेट्रोल गाड्यांचे काम केले आहे, म्हणून यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो. कॉइलमधून निघणारा करंट दहा-पंधरा हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि इतक्या दाबाचा करंट नेहमी सोपी वाट धरतो. कॅपचा पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा असेल, तर त्याला प्लगच्या फटीतून उडी मारण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात. उरलेले आठ-नऊ महिने काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ बॉनेटखाली बसत राहते आणि इंजिनच्या तेलकटपणाने कॅपला व वायरींना चिकटते. ही धूळ कोरडी असेपर्यंत निरुपद्रवी असते. पहाटे लोखंड गार पडले, हवेतली ओल त्यावर धरली, की त्याच धुळीतल्या क्षारांमुळे करंटला रस्ता तयार होतो. म्हणून सोलापूरच्या गाडीला ओल थोडी मिळाली तरी त्रास जास्त होतो, असे माझे मत आहे.

शिवाय सुरू करण्याचा क्षण हाच करंटच्या दृष्टीने सर्वांत दुबळा असतो. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ फिरताना दहा-साडेदहापर्यंत उतरते, त्या प्रमाणात कॉइलची ताकद कमी होते, आणि नेमके त्याच वेळी गळती सर्वांत जास्त असते. एकदा इंजिन सुरू झाले, की डायनामोमुळे व्होल्टेज चौदाच्या आसपास राहते आणि इंजिनची ऊब कॅप वाळवते. दिवसभर तक्रार का नसते, हे यावरून लक्षात येईल.

बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसली म्हणून करंट चांगला, हा निष्कर्ष मला मान्य नाही. ती परीक्षा उघड्या हवेतली आहे. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येऊन हवा-पेट्रोल दाबले गेले, की तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते आणि मग करंट प्लगऐवजी कॅपवरच्या ओलसर वाटेने निसटतो. शिवाय ही परीक्षा त्यांनी कोणत्या वेळी केली, हेही पाहा. दुपारी केली असेल, तर ती तब्येत बरी झाल्यावर घेतलेल्या तापाच्या नोंदीसारखी आहे.

आता आपण स्वतः करण्याजोगी तपासणी. रात्री पूर्ण अंधारात गाडी सुरू करा, गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा, बॉनेट उघडा. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारतो ती फवाऱ्याची बाटली घ्या आणि अगदी बारीक तुषार आधी एकेका वायरीवर, मग कॉइलच्या गळ्यावर, शेवटी कॅपवर मारा. जिथे गळती आहे तिथे निळसर प्रकाश सरपटताना दिसेल, टिक् टिक् असा आवाज येईल आणि इंजिन अडखळेल. चालू इंजिनात कोणत्याही वायरीला हात लावू नका, आणि खांद्यावरचा टॉवेल किंवा सैल बाही पंख्याजवळ जाणार नाही याची काळजी घ्या.

त्यानंतर इंजिन बंद करून कॅप उतरवा. कोणती वायर कुठली, याच्या खुणा आधी करून ठेवा. पेटण्याचा क्रम १-३-४-२ आहे आणि दोन वायरी अदलाबदल झाल्या तर नवाच गोंधळ होतो. कॅप सूर्यप्रकाशात तिरकी धरून आतून पाहा. एका पितळी टोकापासून दुसऱ्याकडे किंवा मधल्या कार्बनच्या बटणाकडे गेलेली, पेन्सिलीने ओढल्यासारखी, मुळासारखे फाटे फुटलेली बारीक रेघ दिसली, तर दोष सापडला. ही रेघ फडक्याने जात नाही, कारण ती वर बसलेली घाण नसून कॅपचा जळून झालेला कोळसा असतो, आणि कोळशातून वीज वाहते. अशी कॅप बदलावीच लागते. पॉलिश पेपरने घासून आठ-पंधरा दिवस ढकलता येतात, त्यापलीकडे नाही. सोबत रोटरही, म्हणजे कॅपच्या आत फिरून एकेका टोकाला करंट देणारा तुकडाही, बदला.

सीनाकाठ (मोहोळ)

पाना_पक्कड काकांशी मी सहमत आहे. माझ्याकडे याहून जुनी, ९७० सीसीची जिप्सी आहे आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीनंतर तिने मला जवळजवळ महिनाभर हाच त्रास दिला होता. त्या अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे, गाडी ज्या सकाळी सुरू होत नाही, ती सकाळ वाया घालवू नका, कारण खरा पुरावा तेव्हाच हाताशी असतो. आपण घाईत सगळेच पुसतो, गाडी सुरू होते आणि दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. मी एक दिवस फक्त कॅप उतरवून आतून-बाहेरून कोरड्या सुती कापडाने पुसली, केस वाळवण्याच्या ड्रायरने मंद गरम हवा दिली आणि बाकी कशालाही हात लावला नाही. गाडी सुरू झाली नाही. दुसऱ्या ओल्या सकाळी फक्त वायरी पुसल्या आणि ती सुरू झाली. माझ्या गाडीत दोष तिसऱ्या वायरीच्या रबरी टोपीला होता. ती प्लगजवळ कडक होऊन तडकली होती आणि प्लगच्या चिनीमातीवर काळा ओघळ उमटला होता. नवे प्लग घालूनही असा ओघळ पुन्हा उठतो, कारण टोपी जुनीच असते. आपणही प्लग काढून त्यांची पांढरी मान जरूर पाहा. मल्टिमीटर असेल तर प्रत्येक वायरीचा रोध मोजा. काही हजार ओहम येणे नैसर्गिक आहे, पण लांबीच्या मानाने एखादीच वायर इतरांच्या दुप्पट-तिप्पट दाखवत असेल तर ती आतून तुटत आली आहे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. बॅटरीच्या ऋण टोकावर मल्टिमीटरची एक तार आणि इंजिनच्या उघड्या धातूवर दुसरी ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर इंजिनला येणारी अर्थची पट्टी गंजली आहे असे समजा. चिखलात चालणाऱ्या गाडीत ही पट्टी खालून कुजते आणि सेल्फ फिरतो म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही.

ओल हाकलण्याचे फवारे बाजारात मिळतात. त्यांतला डब्ल्यूडी-४० तर १९५३ पासून याच कामासाठी आहे, त्या नावाचा अर्थच पाणी बाजूला सारणे असा आहे. अडचणीच्या वेळी त्याचा उपयोग होतो. परंतु तो कॅपच्या आत मारून लगेच सेल्फ मारू नका. त्याची वाफ पेट घेणारी असते आणि कॅपच्या आत तर ठिणगी उडतेच. कॅप उघडी ठेवून वाफ जाऊ द्यावी, पुसून घ्यावे आणि मगच बसवावी. रोजचा उपाय म्हणून तर तो मुळीच वापरू नये, कारण मागे राहणाऱ्या चिकटपणावर आपली धूळ आणखी घट्ट बसते.

बार्शीलाइट (बार्शी)

एक शंका मांडतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पाणी मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर टाकीच्या तळाशी बसतो. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल आणि टाकी अर्धी रिकामी असेल, तर हेही कारण असू शकेल का? आपल्या जिल्ह्यात उसापासून इतके इथेनॉल तयार होते, तरी जुन्या गाड्यांच्या बाबतीत याकडे फारसे कुणी पाहत नाही, म्हणून विचारले.

पाना_पक्कड

शंका योग्य आहे आणि दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीत मी ती आधी तपासेन. फिल्टरखाली काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून तासभर ठेवले, की तळाशी वेगळा थर आहे की नाही ते दिसते. मात्र टाकीच्या तळाचे पाणी दहाच्या उन्हाने नाहीसे होत नाही, आणि प्रश्नकर्त्यांची गाडी दहा वाजता पहिल्या सेल्फात सुरू होते. म्हणून इथे पेट्रोलपेक्षा ओलीवर माझा भर आहे. रबरी नळ्या मात्र जुन्या असतील तर या निमित्ताने बदलून घ्या. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही.

सीनाकाठ ताईंनी एकावेळी एकच वस्तू वाळवण्याची जी रीत सांगितली, ती माझ्या फवाऱ्याच्या परीक्षेपेक्षाही खात्रीची आहे.

माळढोक९८

काका, ताई आणि बार्शीकर, तिघांचेही मनापासून आभार. काय आढळले ते क्रमाने लिहितो.

अंधारातल्या परीक्षेत चारही वायरी शांत राहिल्या. कॅपवर तुषार पडताच मात्र कडेने निळा प्रकाश फिरला आणि इंजिन अडखळून बंद पडले. सकाळी कॅप उतरवली. आतल्या बाजूला मधल्या बटणापासून तिसऱ्या टोकापर्यंत काकांनी लिहिली तशीच रेघ होती. नखाने खरवडली तर नखाला काळे लागले. कॅपमध्ये हवा खेळती राहण्यासाठी जे बारीक भोक असते, ते चिखलाने लिंपून गेले होते, त्यामुळे आत गेलेली ओल बाहेर पडतच नव्हती. कॅपच्या बरोबर वर बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी झिजून तिचा चार बोटे तुकडाच गळून पडला आहे, आणि रात्रीच्या पावसाचे झोत शेडच्या उघड्या बाजूने आल्यावर पाणी तिथूनच ठिबकत असणार. मी चादर टाकत होतो ती भिजून त्याच कडेवर पाणी धरून ठेवत होती, हे आता कळते.

सुटे भाग मिळायला तीन दिवस लागले. तोवर रेघ घासून, ताईंनी सांगितल्याप्रमाणे कॅप रोज पहाटे पुसून काम भागवले. नवी कॅप, रोटर आणि रबरी पट्टी बसवली, वायरींच्या टोप्यांत सिलिकॉन ग्रीस लावले आणि अर्थची पट्टी घासून परत आवळली. तिथे सेल्फ मारताना ०.७ व्होल्ट येत होते, ते आता ०.१५ वर आले आहे. कॉइल आणि कार्बोरेटर जुनेच आहेत.

काल रात्री पुन्हा पाऊस झाला. आज पहाटे पावणेसहाला शेडमधली जमीन ओली होती, बॉनेटवर थेंब उभे होते. चोक ओढला, चावी फिरवली आणि गाडी पहिल्या सेल्फात सुरू झाली. साडेसहाला मी रानात होतो. जुनी कॅप कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. गॅरेजवाल्यांना ती रेघ उन्हात धरून दाखवायची आहे, कारण त्यांच्याकडे माझ्यासारख्या आणखी दोन जुन्या जिप्सी येतात.