पाऊस आणि गार वाऱ्यानंतर होले तळ्यावर का येत नाहीत?

प्रश्न (अ‍ॅबिलीनकर):
नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो आणि सप्टेंबरमध्ये शेजारच्या काकांबरोबर त्यांच्या रानात होल्यांच्या शिकारीला जातो. गेल्या वर्षी हवा कोरडी होती आणि संध्याकाळी गुरांच्या तळ्यावर मोर्निंग डव्ह जातीचे होले सारखे उतरत होते. यंदा आधी दोन दिवस पाऊस झाला, मग उत्तरेचा वारा सुटून हवा गार झाली, आणि त्याच तळ्यावर सूर्यास्तापर्यंत बसून चारच पक्षी दिसले. ते थंडीमुळे दक्षिणेकडे गेले, की पावसामुळे पांगले?

उत्तर (माळरान):
दोन्ही शक्य आहे, परंतु मला पावसाचा संशय अधिक येतो. कोरडे बी खाणाऱ्या या पक्ष्याला रोज पाणी लागते, त्यामुळे रान कोरडे असले की सगळे होले संध्याकाळी एकाच तळ्यावर येतात; पाऊस पडला की चाकोरीतसुद्धा पाणी साचते आणि तळ्याची गरजच उरत नाही. पाणी पिताना होला कोंबडीसारखी मान वर करत नाही, चोच बुडवून एका दमात ओढून घेतो आणि उडतो. म्हणून त्याला चहूकडचे दिसेल असा उघडा काठ हवा असतो, आणि पावसाने काठावर गवत वाढले की तो तिथे उतरायचे टाळतो. चाऱ्याचेही तसेच आहे. होला माती उकरत नाही, मोकळ्या जमिनीवर पडलेले बी टिपतो. तेव्हा तळे सोडून सकाळी सूर्यफुलाच्या किंवा क्रोटन या रानतणाच्या उघड्या पट्ट्याजवळ बसून पाहा. वारा जोराचा असेल तर पक्षी झाडांच्या रांगेच्या आडोशाने, खालून उडतात.

उत्तर (दक्षिणवाट):
गार वाऱ्याने स्थानिक पक्षी हलतात हे खरे, पण त्याच वाऱ्याबरोबर उत्तरेकडचे नवे थवेही येतात, म्हणून आठवडाभराने पुन्हा जावे. व्हाइट-विंग्ड या दुसऱ्या जातीचे, पंखांवर पांढरा पट्टा असलेले होले मात्र सॅन अँटोनिओसारख्या शहरांत बाराही महिने बरेच दिसतात. पक्षी येत नाहीत म्हणून कोणी धान्य टाकायचे सुचवले, तर ऐकू नका: आमिषावर होले मारणे संघीय कायद्याने गुन्हा आहे, आणि धान्य पूर्ण उचलल्यानंतरही 10 दिवस ती जागा आमिषाचीच धरली जाते.

उत्तर (सोलापूरची पक्षीनिरीक्षक):
आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे होल्यांची शिकार बंद आहे, त्यामुळे मी केवळ पाहणारी आहे. पण पाऊस झाला की पाणवठा ओस पडतो, हे माझ्याही रोजच्या पाहण्यातले आहे. एक विनंती करते. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिकडे काही घरट्यांत अजून पिल्ले असतात, आणि त्यांना नर व मादी दोघेही आपल्या गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न भरवतात. चोचीत काटकी धरून उडणारा होला दिसला, तर कृपया त्याला जाऊ द्यावे.