गप्प बसून खेळायचं असेल तर पेशन्स खेळा

तोफखाना (धागालेखक)

परवा मौनीबाबांनी इथे एक धागा काढला होता. थोडक्यात असा: एज ऑफ एम्पायर्ससारखे युद्धाचे गेम हा डोक्याचा खेळ आहे, गेम सुरू होताच सगळ्यांना म्यूट करावं, समोरच्याला चिडवत खेळणारे म्हणजे गल्लीतली टवाळ पोरं, आणि बुद्धिबळात कोणी 'कसा खाल्ला तुझा घोडा' म्हणून ओरडतं का? तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं. म्हणून हा वेगळा संसार.

मी एज-टू (एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग) २००१ पासून खेळतोय. नाशिकला एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, आठ मशीन, त्यातल्या तीन नंबरचा माऊस उजवीकडे जायचाच नाही. तिथे ज्याला बसावं लागायचं तो नकाशात नेहमी डावीकडेच हल्ला करायचा, आणि आम्हाला ते माहीत असायचं. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा खुर्चीमागून काय आवाज येतोय यावर अर्धा गेम चालायचा. 'डुकरानं मारला का रे तुझा व्हिलेजर (गेममधला कामकरी)?' एवढं कोणी विचारलं की समजायचं, याचा स्वतःचा मेलाय. त्या आठांतले पाच आता परदेशात आहेत, दोघे पुण्यात (म्हणजे तेच), आणि एक बँकेत कॅशियर. शनिवारी रात्री आम्ही अजून खेळतो. कुठला गेम कोण जिंकलं हे विचाराल तर एकही आठवत नाही. कोण काय बोललं ते सगळं आठवतं.

आणि चिडवायची सोय गेम बनवणाऱ्यांनीच १९९९ पासून करून ठेवली आहे. चॅटमध्ये ११ टाइप केलं की खदाखदा हसण्याचा आवाज. १३ म्हणजे 'हो हो, नेटलाच दोष दे'. १४ म्हणजे 'सुरू करा की आता'. ३० म्हणजे वोलोलो, गेममधल्या पुजाऱ्याचा मंत्र. हे काय ध्यानधारणेसाठी दिलंय?

बुद्धिबळाचं उदाहरणही चुकीचं. उदाहरण मेंढीकोटाचं घ्यायचं. कोट लागला की आमची आजीसुद्धा तोंड सोडायची, आणि आजी एकादशी करायची.

मौनीबाबा

माझ्यासाठी स्वतंत्र धागा! धन्य झालो. आता जे मी लिहिलं होतं ते वाचलंत तर आणखी धन्य होईन. मी 'अनोळखी लोकांशी' असं लिहिलं होतं. तुमची आठ माणसं वीस वर्षांची ओळखीची. तुम्ही एकमेकांची पिंडं पाडलीत तरी मला काय त्याचं? रँक्डमध्ये (अनोळखी लोकांशी रेटिंगसाठी खेळतात ते) मात्र दुसऱ्या मिनिटाला आई-बहीण निघते.

आणि साधा हिशोब. एक व्हिलेजर बनायला पंचवीस सेकंद लागतात. 'काय भाऊ, घाबरलास काय' हे टाइप करण्यात ते बनवणारं टाउन सेंटर रिकामं बसलं की एक व्हिलेजर गेला. असे चार टोमणे मारलेत की चार व्हिलेजर कमी, आणि मग कॅसलसाठी ६५० दगड कधी जमणार ते देवाला माहीत. तुमचं रेटिंग किती आहे हो? सहज विचारतोय.

फिडेच्या (बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांतही प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करायला किंवा त्याला त्रास द्यायला चक्क बंदी आहे. उगाच नाही.

तांबडा_पांढरा

फिडे आमच्या पारावर आली नव्हती वाटतं. तिथं 'वजीर घरला पाठवा, अंधार पडला' असं म्हटल्याशिवाय कोण प्यादं हलवत न्हाई.

आणि कबड्डीचं बगा. तोंड बंद झालं, दम तुटला, की बाद. आपल्या मातीतला खेळच बोलत राहायचा हाय.

मौनीबाबा

कबड्डीत 'कबड्डी कबड्डी' म्हणतात, 'तुझ्या बापाला टाउन सेंटर बांधता येत नव्हतं' असं नाही.

झोनमध्ये_मी

सर, बीजीएमआय (पबजीचा भारतीय अवतार) खेळून बघा माइक बंद ठेवून. 'एनई, ४५ वर, दगडामागे दोन, एक नॉक (म्हणजे जखमी होऊन आडवा)' हे सांगणार कोण? स्क्वॉडमध्ये एक जण मौनी असला की आम्ही चौघं मरतो. पबजी बंद झाला तेव्हा (२ सप्टेंबर २०२०, विसरणार नाही) गेमपेक्षा आमचं बोलणं बंद झालं याचं वाईट वाटलं होतं. लॉकडाऊन होता, तेवढंच तर बोलायचो.

सनावळी

बाळ, तो पळापळीचा खेळ आहे. इथे डावपेचांची चर्चा चालली आहे.

झोनमध्ये_मी

आठ बाय आठ किलोमीटरच्या एरांगेल नकाशावर शंभर जणांत आकसत जाणारा झोन बघून जागा धरायची हे डावपेच नाहीत, आणि तुम्ही सुरुवातीला खायला मेंढ्या शोधत फिरता ते डावपेच. बरं.

तोफखाना

११

रातराणी

सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

दोन वर्षं मी त्याच एरांगेलवर माइक चालू ठेवून खेळले. 'मॅडम, लूट घ्या' पासून 'नंबर द्या' पर्यंत यायला सरासरी एक घर लुटायचं अंतर लागायचं. नकार दिला की पुढचं काय ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा तर आपल्याच टीममधल्याने मला नॉक झाल्यावर मुद्दाम उठवलं नाही, शेजारी बसून ऐकवत राहिला. गेम सोडला.

आता एज-टू खेळते. नाव घेतलंय काका_६२. माइक नाही, चॅट नाही. लोक म्हणतात 'काका, वुड द्या', 'काका, तुम्ही भिंत घाला, आम्ही पुढे जातो'. एवढा मान मला माझ्या घरात नाही. तोफखाना, तुमची टवाळी तुमच्या आवाजाला परवडते. मौनीबाबांचं सगळं पटत नाही (रेटिंग विचारणं हा आगाऊपणा आहे), पण म्यूटचं बटण माझ्यासाठी चैन नाही, दाराची कडी आहे.

तोफखाना

याला टवाळी कोण म्हणतंय? हा गुन्हा आहे. मी चिडवण्याबद्दल बोलतोय.

रातराणी

ती सीमारेषा कोण आखतं? चिडवणारा. नेहमी.

गडकोट

चर्चा छान. पण मूळ दुखणं कोणीच काढत नाही. या गेममध्ये मराठे का नाहीत? २०२२ मध्ये भारतावर खास भाग काढला, डायनॅस्टीज ऑफ इंडिया. बंगाली आले, द्रविड आले, गुर्जर आले, आधीच्या 'इंडियन्स'चे हिंदुस्तानी झाले. मोहीम कोणाची? बाबराची! राजेंद्र चोळ, देवपाल, ठीक. आपण कुठे? मी ऑनलाइन कोणाला चिडवायचं तर कुठल्या तोंडानं? द्रविडांच्या?

सनावळी

एज-टूचा काळ साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी संपतो. त्यातली कोरियाची नॉरयांगची लढाई १५९८ची आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा. यात अन्याय कुठे आला? पंचांग बघा.

गडकोट

पंचांग बघून यादव दिसले नाहीत? देवगिरी? १२९६ला अल्लाउद्दीन आला तेव्हा तिथे काय चेन्नई होती?

सनावळी

यादवांचा मुद्दा मान्य करावा लागतो. नाइलाजाने.

म्युनिकचा_मावळा

मराठेच हवे असतील तर एम्पायर टोटल वॉर घ्या की. २००९चा गेम, १७००ला मोहीम सुरू, मराठे निवडता येतात. मी १७२५ च्या आत दिल्ली घेतली. बायको म्हणाली जेवण गार झालं.

सनावळी

१७००! त्या वर्षी औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला होता आणि राजाराम महाराज सिंहगडावर गेले. तिथून पंचवीस वर्षांत दिल्ली, तेही जेवणाच्या आत.

गडकोट

निदान खेळू तरी देतात. आणि मराठे नसले तरी मी मराठ्यांसारखाच खेळतो. पहिल्या दहा मिनिटांत हलकं घोडदळ घेऊन त्याच्या शेतात घुसायचं, व्हिलेजर कापायचे, भाला घेऊन कोणी यायच्या आत पसार. वर चॅटमध्ये 'गनिमी कावा, बेटा'. समोरचा वेडा होतो.

तांबडा_पांढरा

थांबा वाईच. शेतात राबणारी माणसं कापायची आन् त्याला गनिमी कावा म्हणायचं? ज्या राजानं रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावायचा न्हाई म्हणून बजावलं, त्याच्या नावावर?

गडकोट

गेम आहे हो तो. पिक्सेल आहेत ते.

तांबडा_पांढरा

मग मराठे न्हाईत म्हणून आत्ता रडत व्हता ते कशापायी? ते बी पिक्सेलच की. नाव घ्यायचं तर चालीनं घ्या. माझा आजा शेतकरी, बाप शेतकरी. मी गेममधी बी पयल्यांदा शेताभोवती कुंपण घालतो, हसा कितीबी.

गडकोट

तुमच्याकडून इतिहास शिकायची वेळ आली का आता.

तांबडा_पांढरा

आली. बसा.

संत्रा_बर्फी

काय बे, चिडवावं का नाही यावर धागा होता ना? इथं तर चिडवून झालं, मारामारी लागली. मौनीबाबा घरी बसून हसत असन.

मौनीबाबा

हसत नाही. पुरावे गोळा करतोय.

म्युनिकचा_मावळा

मूळ विषयावर एक सांगतो. कोणाच्या बाजूनं जातंय ते बघू नका.

एक तुर्की खेळाडू आहे. आम्ही दोघं सहा वर्षं एज-टूच्या ब्लॅक फॉरेस्ट नकाशावर खेळतोय. मला तुर्की येत नाही, त्याला इंग्रजी जेमतेम. आमचं सगळं बोलणं आकड्यांत. मी माती खाल्ली की तो ११. त्याचं नेट तुटलं की मी १३. लाकूड हवं असेल तर ४. त्याचं खरं नाव माहीत नाही, वय माहीत नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये तो यायचा बंद झाला. त्या दिवसांत माणूस दिसेनासा झाला की मनात काय यायचं ते सांगायला नको. आठ महिने त्याच्या नावापुढचा दिवा राखाडी. डिसेंबरात एका रात्री लॉबीत बसलो होतो, तर नुसतं आलं: १४.

मी हसलो की रडलो ते बायकोला विचारा. तो गेम आम्ही दोघंही हरलो, कारण पहिली दहा मिनिटं एकमेकांना ११ पाठवण्यात गेली.

मौनीबाबा

सुंदर. पण जरा बघा, सहा वर्षांत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हणजे मुक्यानंच मैत्री झाली. माझाच मुद्दा.

तोफखाना

दहा मिनिटं गेम सोडून चिडवत बसले, ते दिसलं नाही? माझा मुद्दा.

रातराणी

शिवाय त्या आकड्यांत आई-बहीण नाही. गेम बनवणाऱ्यांनी यादीच तशी केली. हा मुद्दा तुम्हा दोघांचाही नाही.

तोफखाना

बरं. घ्या, लिहून देतो: अनोळखी लोकांत म्यूट करणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. मागच्या महिन्यात एकाला म्हणालो होतो, तो काका_६२ नव्हता अशी आशा आहे.

रातराणी

'कुंपणामागचे काका'?

तोफखाना

अरे देवा.

रातराणी

तो गेम मी जिंकले होते. तुम्ही नंतर टाइप केलंत 'लॅग होता', म्हणजे नेट अडखळत होतं. मी १३ पाठवणार होते, पण काका सभ्य आहेत.

संत्रा_बर्फी

११ ११ ११

मौनीबाबा

आता मलाही हसू आलं, हे नोंदवून ठेवा, पुन्हा होणार नाही. येत्या शनिवारी साडेदहाला चार-चारचा गेम लावू. अट एकच: आकडे चालतील, अक्षरं नाहीत. ज्यानं अक्षर टाइप केलं त्यानं राजीनामा द्यायचा.

म्युनिकचा_मावळा

साडेदहा म्हणजे माझे सात. जेवण गार होणार, पण येतो.

झोनमध्ये_मी

मला घ्याल का? मेंढ्या शोधायला शिकतो.

तांबडा_पांढरा

ये. माझ्या बाजूला ये. गडकोट समोर पायजेत.

तोफखाना

येतो. तीन नंबरच्या मशीनवर कोण बसणार ते आत्ताच ठरवा. आणि टीमा काका_६२ पाडतील. मी त्यांच्या टीममध्ये.

रातराणी

नाही. समोर.

गडकोट

मी खेळीन, पण द्रविड घेणार नाही. सनावळी, यादवांच्या सगळ्यात जवळचं काय आहे यात?

सनावळी

काहीच नाही. गुर्जर घ्या, निदान उंट मिळतील.

गडकोट

देवगिरीला उंट??

सनावळी

वेगळा धागा काढा.