अनुभव धागा : फोटो काढता काढता सेटिंग ‘आपोआप’ बदललं?

शटरपंत :
अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपासून (सजवलेल्या चित्ररथांपासून) रंगपंचमीच्या गेरपर्यंत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीपर्यंत) आपल्या इंदुरात कॅमेरा बाहेर काढायला निमित्तं कमी नाहीत. आणि प्रत्येक निमित्तानंतर कुणी ना कुणी म्हणतंच, "मी हातसुद्धा लावला नाही हो, सेटिंग आपोआप बदललं." तर लिहा इथे, काय झालं आणि कारण काय निघालं.

एकच अट. शेवटचा बरा फोटो आणि पहिला बिघडलेला फोटो, दोन्हींची माहिती शेजारी शेजारी उघडून बघा. शटर (किती वेळ उघडं राहिलं), अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता), एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या उजेडात आपण केलेलं कमी-जास्त), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा). कुठला आकडा हलला ते सांगा. नुसतं "फोटो काळा आला" म्हटल्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

सिरपूरचा बगळा :
आकडा हलला : शटर.
हिवाळ्यात सिरपूर तलावावर जातो (२०२२ पासून तो पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तरी काठावर लोक कणकेच्या गोळ्या टाकतातच, असो). उडत्या पक्ष्यांसाठी सी१ वर (आपली सेटिंग जतन करायची चकतीवरची जागा) १/२००० सेकंद शटर आणि ऑटो आयएसओ बांधून ठेवलंय. ऊन चढलं की तिथल्या तिथे १/३२०० करतो. मग खंड्या परत येईपर्यंत कॅमेरा मांडीवर. तो येतो, सूर मारतो, आणि फोटो बघावा तर पुन्हा १/२०००.

यात बिघाड काही नाही. सी१ मध्ये जे जतन केलंय तेच खरं. कॅमेरा बंद केला किंवा ऑटो पॉवर ऑफने झोपी गेला, की मधले बदल पुसले जातात. कॅननमध्ये ‘ऑटो अपडेट’ चालू केलं तर बदल टिकतात. निकॉनच्या यू१-यू२ या तशाच जागांमध्ये मेनूत जाऊन नव्याने सेव्ह करावं लागतं. बरेच जण ऑटो अपडेट लावा म्हणून सांगतात, मी मुद्दाम लावत नाही. दिवसभर काहीही उलटसुलट केलं तरी एकदा बंद-चालू केलं की सगळं ठिकाणावर येतं, ही सोय मला जास्त मोलाची वाटते.

रीळवाली :
मोबाइल चालेल ना? सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री गराडूचा (तळलेल्या कंदाचा) व्हिडिओ घेत होते. वरून जीरावण मसाला भुरभुरताना फोन जवळ नेला की चित्र टुणकन उडी मारायचं, रंगही जरा बदलायचा. आयफोन १३ प्रो आणि नंतरच्या प्रो फोनांमध्ये वस्तू फार जवळ आली की फोन स्वतःच मुख्य लेन्स सोडून अल्ट्रा वाइडवर जातो, मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी. सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याखाली ‘मॅक्रो कंट्रोल’ चालू केलं की स्क्रीनवर फुलाचं चिन्ह येतं. त्यावर टिचकी मारून मॅक्रो बंद करायचं, आणि ‘प्रिझर्व्ह सेटिंग्ज’मध्येही मॅक्रो चालू करायचं, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

तव्याखालची आच भडकली की अख्खं चित्र अंधारतं, त्यावर उपाय सोपा. स्क्रीनवर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक होतात.

गुलालगोटा :
गेर. राजवाड्यासमोर. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून. आकडा हलला : एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, थेट +२. वरची चकती पिशवीला घासून फिरली, गुलालाचे ढग पांढरेफटक. आता निघण्याआधी चकतीवर कापडी चिकटपट्टी लावतो. चकतीला लॉकचं बटण असलेल्या बॉडीला (म्हणजे कॅमेऱ्याला) याची गरज नाही.

नवखा_५६ :
भिया लोक, माझं एम (मॅन्युअल) मोडवर असतं. एम म्हणजे सगळं आपल्या हातात ना? तरी दर फोटोचा उजेड वेगळा येतो. आणि झूम केलं की अपर्चर ३.५ चं ५.६ होतं. लेन्स खराब आहे का?

शटरपंत :
दोन वेगळ्या गोष्टी आहेत दादा. तुमचा आयएसओ ‘ऑटो’वर असणार. एम मध्ये शटर आणि अपर्चर तुमच्या हातात राहतात, आयएसओ मात्र वेगळा बांधावा लागतो. लेन्सवर १८-५५ एमएम आणि ३.५-५.६ लिहिलेलं असेल तर १८ वर ३.५ आणि ५५ वर ५.६ हाच तिचा स्वभाव, लेन्स ठणठणीत आहे. एम मध्ये सुरुवातीलाच ५.६ लावून ठेवा, झूम केलं तरी हलणार नाही.

चौथी_माळ :
माझा एकही आकडा हलला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झांक्यांची रात्र. गिरण्या बंद पडून वर्षं झाली तरी हुकुमचंद, मालवा, कल्याण या मिलांच्या झांक्या निघतात. हलत्या बाहुल्या टिपायच्या म्हणून १/५०० लावलं होतं. एक फोटो पिवळट, पुढचा अंधारा, त्यापुढच्यात अर्ध्या चित्रावर काळसर पट्टा. माहिती बघितली तर शटर, अपर्चर, आयएसओ सगळ्यांत तंतोतंत तेच. व्हाइट बॅलन्सही मी केल्व्हिनच्या एकाच आकड्यावर बांधलेला.

बदलत होता तो उजेड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० ला मात्र त्यातला एखादाच तुकडा सापडतो, कधी भरतीचा, कधी ओहोटीचा. पट्टा पडतो कारण वेगवान शटरमध्ये त्याच्या दोन पडद्यांमधली फट चित्रावरून सरकत जाते, आणि तेवढ्यात दिवा मंदावलेला असतो. १/१०० लावलं की प्रत्येक फोटोत एक पूर्ण फेरा येतो आणि कटकट संपते. झांकी चालते बैलगाडीच्या चालीने, तिला १/५०० लागतंच कशाला?

नव्या कॅमेऱ्यांत ‘अँटी फ्लिकर’ असतं. ते दिव्याच्या भरतीची वाट पाहून शटर सोडतं, त्यामुळे सलग फोटोंचा वेग थोडा उतरतो. एलईडीच्या पडद्यांना मात्र हा १०० चा हिशेब लागू नाही, त्यांची लुकलुक वेगळी असते. तिथे शटर थोडं थोडं बदलून बघणं एवढंच हातात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असल्या ठिकाणी बंद ठेवा, पट्टे वाढतात.

अंतरपाट :
लग्नाचं काम करतो. मंगलाष्टकं संपायच्या सुमारास फोकस नवरीवरून सरकून मागच्या मामांवर जायचा. मी डाव्या डोळ्याने बघतो. तसं बघताना नाक मागच्या टचस्क्रीनवर टेकतं, आणि ‘टच अँड ड्रॅग’ चालू असलं की नाक फोकसचा चौकोन ओढत नेतं. मेनूतून बंद केलं, किंवा स्क्रीनचा नाक टेकत नाही तेवढाच भाग चालू ठेवला, की झालं.

धंद्यातल्यांसाठी अजून एक. फ्लॅश चढवला की शटर १/२०० किंवा १/२५० वर अडकतं, तोही बिघाड नाही. त्यावर जायचं तर हाय स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) लावा.

जुनी_काच :
निकॉनची ५० एमएम डी लेन्स, अपर्चरची कडी असलेली. मधूनच पडद्यावर ‘एफईई’ हा इशारा यायचा आणि शटर दाबलंच जाईना. कडी सर्वात मोठ्या आकड्यावर, माझ्या लेन्सला २२ वर, नसली की असं होतं. तिथे छोटा खटका आहे, तो लावून टाकला.

पेचकस :
माझं दुरुस्तीचं काम आहे, कॅमेरे येतात त्यावरून सांगतो. ‘आपोआप बदलतं’ म्हणून आलेल्यांपैकी पुष्कळ बॉडी मी न उघडताच परत देतो. दर तिसरा फोटो काळा, म्हणजे राजवाड्याच्या एचडीआरसाठी (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून केलेल्या एका फोटोसाठी) लावलेलं ब्रॅकेटिंग, म्हणजे ओळीने वेगवेगळ्या उजेडाचे फोटो घेणं, चालू राहिलंय. काही बॉडींत ते बंद केल्यावर पुसलं जातं, काहींत तसंच राहतं. निकॉनच्या बऱ्याच बॉडींवर हिरवा ठिपका असलेली दोन बटणं एकत्र दोन सेकंदांहून जास्त दाबली गेली की कितीतरी सेटिंग मूळपदावर जातात. तारीखच मागे जात असेल तर आतली घड्याळाची बॅटरी उतरलेली असते.

खरा बिघाड ओळखायचा तर हे करा. कॅमेरा टेबलावर ठेवा, एम मोड, आयएसओ बांधलेला. चकती एकेक खटका सावकाश एकाच दिशेने फिरवा आणि शटरचा आकडा बघा. १/१२५, १/१६०, १/२०० असा क्रमाने चढला तर चकती ठीक. मधेच मागे आला, एखादा खटका गिळला किंवा दोन घरं उडाला, तर आतले संपर्क झिजलेत किंवा धूळ शिरली आहे. गेरनंतरच्या आठवड्यात हेच जास्त येतं. तोंडाने फुंकर मारू नका, ओल आत जाते. लेन्स लावलेली असताना अपर्चरच्या जागी कॅननवर ‘००’ किंवा निकॉनवर ‘एफ’पुढे दोन रेघा आल्या, तर आधी लेन्सचे पितळी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा. चकती उड्या मारत असेल तर मात्र मेनूत शोधत बसू नका, कॅमेरा घेऊन या.