मदत हवी आहे: पाड्यांवरच्या अभ्यासासाठी सल्लागार नेमताना काय बघावं?

नमस्कार मंडळी,

जव्हार-मोखाडा भागात माता-बालपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी समन्वयक आहे. पाड्यांवर गरोदर आणि स्तनदा बायांचे गट, परसबागा, अंगणवाडीतल्या अमृत आहाराचा (गरोदर-स्तनदा बायांना मिळणारं सरकारी जेवण) पाठपुरावा असं काम चालतं. गटाला बाया सुरुवातीला येतात, मग गळत जातात. का गळतात याची उत्तरं आमच्या कार्यकर्त्यांकडे भरपूर आहेत ("त्यांना महत्त्वच कळत नाही" हे सगळ्यात लाडकं), पण बायांसोबत निवांत बसून कुणी विचारलेलं नाही.

आम्हाला सीएसआरचा (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा) निधी देणाऱ्या कंपनीने सुचवलं की 'ह्यूमन सेंटर्ड रिसर्च', म्हणजे लोकांना विचारून त्यांच्या गरजा समजून घेणारा अभ्यास, करणारी आणि कार्यशाळा घेणारी सल्लागार संस्था नेमा, खर्च आम्ही देऊ. मला हे हवंच आहे. एक प्रस्ताव आलाही, दिसायला देखणा. फेब्रुवारीत पाड्यांवर मुलाखती, मग ठाण्याला हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा, ३१ मार्चच्या आत अहवाल. त्यात 'पर्सोना' (मुलाखतींवरून रंगवलेली एक प्रातिनिधिक व्यक्ती), 'जर्नी मॅप' (तिचा सेवेपर्यंतचा टप्प्याटप्प्याचा प्रवास) आणि शेवटी मोबाइल ॲपचा आराखडा. ॲपबद्दल मी जास्त लिहीत नाही. विचारायच्या आधीच उत्तर तयार आहे, एवढंच.

माझी खरी अडचण फेब्रुवारीची आहे. तेव्हा पाड्यावर असतं कोण? दिवाळी झाली की कातकरी आणि बरीचशी वारली कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, लेकरं सोबतच. आमच्या वजनाच्या नोंदींत जी मुलं घसरलेली दिसतात, ती बहुतेक याच घरांतली. फेब्रुवारीत भेटतील त्या मागे राहिलेल्या बाया. कुणाची थोडी बरी जमीन आहे, कुणाचा नवरा आश्रमशाळेत कामाठी आहे. त्यांच्या मुलाखतींवरून जी 'प्रातिनिधिक आई' तयार होईल, ती आमच्या गटातून गळलेली आई नसणार. हे मी प्रस्तावकर्त्यांना बोलले, तर "सॅम्पल ॲडजस्ट करू" असं उत्तर आलं. म्हणजे काय करणार, ते कळलं नाही.

दुसरं दुभाष्याचं. त्यांना आमच्याच सेविका दुभाषी म्हणून हव्या आहेत. जी ताई गट घेते, तिनेच "गटाला का येत नाहीस?" विचारलं तर बाई "येते की ताई, काम होतं" यापलीकडे काय सांगणार? बाहेरचं कुणी आणावं तर कातकरी बोली समजायला हवी.

आणि कार्यशाळा. एकाच खोलीत आमचे सचिव, आम्ही समन्वयक आणि सेविका. सरांसमोर सेविका तोंड उघडत नाहीत. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्याने ते बदलेल असं मला वाटत नाही.

तर, हे काम केलेल्यांनी सांगा: वेळापत्रक पुढे ढकलता येतं का? हा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा? (आमचे लेखापाल सीएसआरमधल्या प्रशासकीय खर्चाच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेला घाबरलेत.) आणि सल्लागाराला पारखायचं कसं?

प्रतिसाद १

मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात होतो, म्हणून पैशांचं सांगतो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तुमचा अभ्यास आखणीतच येतो. लेखापालांना २०२१ च्या सुधारित सीएसआर नियमांतली व्याख्या दाखवा.

३१ मार्चही दगडावरची रेघ नाही. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर असेल, तर उरलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकते आणि पुढच्या ३ आर्थिक वर्षांत खर्च करू शकते. मात्र हा निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाचा, त्यामुळे आत्ताच लेखी विचारा. मार्चमध्ये विचारलंत तर कुणी फोन उचलणार नाही. सल्लागाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल का, हेही आधी विचारून घ्या. अंदाजपत्रक तिथेच कोलमडतं.

प्रतिसाद २

मी असा अभ्यास आणि कार्यशाळा घेते, त्यामुळे थोडी व्यवसायाविरुद्ध बोलतेय. ताई, भट्टीवर जाऊन मुलाखती घ्यायचा मोह होईल, जपून. तिथे शेठचा माणूस उभा असतो, बाईच्या घरावर उचल (आगाऊ घेतलेल्या मजुरीचं कर्ज) असते आणि हजार विटांवर मजुरी असल्याने तुमच्याशी बोललेला अर्धा तास तिच्या पैशातून जातो. भट्टीवर फक्त दिवस बघावा: पाणी कुठून येतं, बाळ कुठे झोपतं, चूल कधी पेटते. बोलायचं ते शिमग्याला माणसं घरी येतात तेव्हा किंवा पावसाच्या तोंडावर. बोलण्याच्या वेळेची मजुरी द्या आणि ती अंदाजपत्रकात लिहा. मुलाखतीच्या तोंडावर मजुरी दिली की उत्तरं 'बिघडतात' असं काहीजण म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

पारखायचं असेल तर सादरीकरण मागू नका. एका पाड्यावर तुमच्यासमोर एक बैठक घ्यायला लावा, तिचे वेगळे पैसे द्या, मग पुढचा करार. बैठकीत कोण किती बोललं ते बघा. सल्लागारच जास्त बोलला तर तिथेच नमस्कार. करारात तीन गोष्टी हव्यात: मूळ नोंदी संस्थेकडे राहतील, निष्कर्ष पाड्यावर जाऊन आधी बायांना सांगितले जातील, आणि त्यांनी "असं नाही" म्हटलं तर अहवाल बदलेल.

कार्यशाळेचं म्हणाल तर पहिला दिवस फक्त सेविकांचा ठेवा. सचिव दुसऱ्या दिवशी, ऐकायला. त्यांना राग येईल, येऊ द्या. हॉटेल कशाला, जव्हारलाच एखादा हॉल घ्या.

प्रतिसाद ३

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने रुग्णालय उभारताना आदिवासींनाच विचारलं होतं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यातली माणसं नकोत कारण मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतात, नातेवाइकांना राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली. म्हणून तिथलं रुग्णालय झोपड्यांचं झालं आणि नाव दंतेश्वरी देवीचं. कंपनीला पटवताना हे उदाहरण सांगा. 'जर्नी मॅप'पेक्षा लवकर कळेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कंपनीला 'चालू प्रकल्पा'बद्दल पत्र पाठवते आणि मुलाखती शिमग्याला धरते. प्रस्तावकर्त्यांना एका पाड्यावरच्या बैठकीचं विचारते, तयार झाले तर पुढे बोलू. सरांना पहिल्या दिवशी बाहेर ठेवायचं कसं, ते अजून सुचलेलं नाही.

कातकरी बोली चांगली येणारी, पण पोषणाच्या कामाशी किंवा आमच्या संस्थेशी संबंध नसलेली मुलगी वाडा-शहापूर बाजूला कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रोजचं मानधन आणि प्रवासखर्च देऊ.