ऊसतोडीचा दर म्हणे बाजार ठरवतो!

फडकरी
कालच्या धाग्यात एकाने लिहिलं: "राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने आहेत, जास्त देईल त्याच्याकडे मजूर जातो, मजुरी बाजारच ठरवतो." राहवलं नाही म्हणून लिहितोय. कारखाने कितीही असोत, दर एकच. साखर संघ, म्हणजे कारखान्यांची शिखर संस्था, आणि मजुरांच्या संघटना करार करतात, अडलं की लवाद. लवादात आधी शरद पवार-गोपीनाथ मुंडे, नंतर पंकजाताई मुंडे. जानेवारी 2024 ला 34 टक्के वाढ झाली, टनाला 273 चे 366 झाले. सगळे घेणारे मिळून एक भाव ठरवतात, ही मक्तेदारी नाही तर काय?

हिशेब करा. कोयता म्हणजे नवरा-बायको. दिवसाला दोन टन तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून फळीवर चढून गाडी भरायची, तेव्हा दोघांचे 732. एक लाखाची उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्याकडून) घेतलेली आगाऊ रक्कम, फिटायला 137 दिवस लागतात. हंगाम 100 दिवसांत आटोपला की 26,800 अंगावर, आणि दसऱ्यानंतर पुन्हा त्याच मुकादमाच्या गाडीत. जास्त देणाऱ्याकडे तो जाणार कधी?

गटऑफिस
अहो, उचल हीच तर स्पर्धा! दर बांधलेला आहे म्हणूनच उचल वाढवून मजुरांच्या टोळ्या ओढाव्या लागतात. एकच मुकादम तीन वाहतूकदारांकडून उचल घेतो आणि टोळी एकाकडेच पाठवतो. उरलेले दोघे ट्रॅक्टरचे हप्ते कशातून भरणार?

फडकरी
उचल कर्ज आहे, मजुरी नव्हे. दोन्ही एकात घालू नका. हार्वेस्टरला, म्हणजे तोडणी यंत्राला, टनाला जास्त देता, तेव्हा कसं परवडतं?

निव्वळ एफआरपी
परवडतं, कारण पैसे आमचे. तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातून) वजा होतो, म्हणजे मजुरी वाढली की ऊसवाल्याचं बिल घटतं. वर टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री, ही आमच्या खिशातली चिरीमिरी वेगळीच. आणि सरकारने दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराची अट घातलीय. शेजारी नवा कारखाना येणारच नाही, मग ऊस आणि मजूर दोघांनाही दुसरं गिऱ्हाईक कुठलं?

वजनकाटा
सगळे दरावर भांडताय. टन कोण मोजतो? दहा टनांच्या खेपेत 500 किलो मारले तर टोळीचे 183 रुपये गेले, आणि शेतकऱ्याचेही.

गटऑफिस
वैधमापनवाले पडताळणी करतात, भरारी पथकं येतात. पुरावा द्या, नुसते आरोप नकोत.

वजनकाटा
पथक प्रमाणित वजनं ठेवतं, काटा बरोबर दाखवतो, शिक्का बसतो. त्यात रिकामी गाडी तपासली जात नाही. भरलेल्या गाडीचं वजन तंतोतंत असलं तरी रिकामीचं वाढवून धरलं की निव्वळ ऊस कमी भरतो. म्हणून बाहेरच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं त्याच दिवशी, त्याच गाडीची घ्या. भरलेलीच तोलून गप्प बसणारे फसतात. पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची, वजावट आणखी निराळी.

निव्वळ एफआरपी
शंभर टक्के. आमच्याकडे निदान वजनाची पावती तरी असते.

वजनकाटा
टोळीकडे तीही नसते! स्लिप मुकादमाच्या खिशात. किती टन झाले हे कोयत्याला हिशेबाच्या दिवशीच कळतं.

गटऑफिस
स्लिपचं मान्य. बाकी एकही शब्द मान्य नाही. मुकादमाचं 20 टक्के कमिशन दरावर वेगळं देतो, ते मजुराच्या पैशातून कापत नाही.

फडकरी
मग दरही मुकादमाकडे न देता थेट खात्यात टाका, आणि कोयत्याची दोन खाती करा. निम्मा ऊस बाई तोडते, मोळ्या तीच वाहते. कारखान्याच्या कुठल्या कागदावर तिचं नाव आहे, ते दाखवा.