मदत हवी आहे: जुना स्केटबोर्ड ओरिजिनल की डुप्लिकेट? रविवारच्या आत सांगा

केळीचा_घड (भुसावळ)
घरात जुना स्केटबोर्ड निघालाय. खाली कवटीचं चित्र आहे. पुण्याहून एक जण रविवारी बघायला येतोय. म्हणतो, ओरिजिनल असेल तर चांगले पैसे देतो. ओळखायचं कसं? यूट्यूबवर सगळे इंग्रजी व्हिडिओ, अर्धा-अर्धा तासाचे. कोणीतरी दोन ओळीत सांगा. अर्जंट आहे.

तापीकाठ
कंपनी कोणती? कवटी कसली? फोटो तरी टाक ना भो.

केळीचा_घड
फोटो चढत नाहीये. कवटी म्हणजे कवटी, अजून कशी असते? आतून फाडून डोकं बाहेर काढतेय, बोटांची हाडंही दिसतात.

चाळीसगावची_ताई
मुलगा किती वर्षांचा आहे? आठच्या आतला असेल तर स्केटबोर्ड नका देऊ, आधी चार चाकी स्केट्स द्या. आणि हेल्मेट घ्याच. माझ्या भाच्याचं मनगट मोडलं होतं.

केळीचा_घड
ताई, मुलाला नाही द्यायचा, विकायचाय.

अमळनेर_ते_सॅनहोजे
फाडून बाहेर येणारी म्हणजे पॉवेल पेराल्टाचा 'रिपर'. कंपनी १९७८ सालची, कॅलिफोर्नियातली. चित्र व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन यांचं. पण चित्रावर जाऊ नका. कंपनीने स्वतःच ते जुने बोर्ड पुढे परत काढले, त्यांना रीइश्यू म्हणतात. ते डुप्लिकेट नाहीत, पण ऐंशीच्या दशकातलेही नाहीत. भावात जमीन-अस्मानाचा फरक.
चाकं ज्यावर बसतात ते ट्रक काढा आणि बोल्टच्या भोकांचं अंतर मोजा, बोर्डाच्या लांबीच्या दिशेने. जुन्या मापात ते अडीच इंच, नव्वदच्या दशकापासून २ पूर्णांक १/८. रुंदीकडून दोन्हींत १ पूर्णांक ५/८ इंच, ते मोजून काही कळणार नाही.

पाना_पक्कड
भोकं राहू द्या, कोणीही ड्रिल मारतं. छपाई बघा. मी १५ वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलंय, साड्यांच्या पिशव्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत. जुने बोर्ड स्क्रीनने छापायचे, एकेक रंग वेगळा. डोळे मिटून रंगाच्या कडेवरून नख फिरवा, उंचवटा लागतो. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर हीट ट्रान्सफर असतं, प्लास्टिकची पातळ फिल्म. ओरखडा पडला की सालपटासारखी निघते. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर विषय संपला.

अमळनेर_ते_सॅनहोजे
विषय संपत नाही. चांगले रीइश्यू आजही स्क्रीनने छापतात. नखाने फक्त स्वस्त नक्कल पकडता येते.

पाना_पक्कड
तुम्ही तिकडे बसून नख फिरवलंत का?

रॅलेवाले_काका (धुळे)
जुनी वस्तू ओळखायची पद्धत एकच, अंगावरचा शिक्का शोधायचा. माझ्याकडे वडिलांची रॅले सायकल आहे, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. पुढच्या दातेरी चक्रात बगळ्याची डोकी कापलेली असतात आणि मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या स्टर्मी-आर्चर हबवर सालाचा आकडा ठोकलेला असतो. लोक आसनसोलच्या सेन-रॅलेला नवा बिल्ला लावून विलायती म्हणून खपवतात. हब बघितला की चोरी उघडी.

तापीकाठ
काका, स्केटबोर्डाला हब कुठून आणायचा? बरं, घडभाऊ, हा आला कुठून ते सांगितलंच नाही तुम्ही.

केळीचा_घड
मामांनी अमेरिकेतून आणला, १९८७ ला. तेव्हापासून माळ्यावर. म्हणजे जुना तर नक्कीच आहे, फक्त ओरिजिनल का ते सांगा.

सुताराचा_नातू
माळा पत्र्याचा आहे का? बोर्ड मेपलच्या सात पातळ थरांचा असतो, डिंक लावून दाबलेला. आपल्याकडे मेमध्ये ४५ डिग्री, पत्र्याखाली त्याहून जास्त. इतकी वर्षं तिथे पडलेला असेल तर कडेला थर सुटलेले नाहीतर फळी पिळलेली दिसेल. कडा अगदी चापूनचोपून बसलेल्या असतील तर मला शंका येईल.

केळीचा_घड
कडा छान आहेत. चकचकीत दिसतोय एकदम. मागच्या आठवड्यात सुताराकडून पॉलिश मारून घेतलं ना, त्याआधी घासणीने घासला.

पाना_पक्कड
अरारारा.

अमळनेर_ते_सॅनहोजे
पॉलिश का मारलंत? खरा असला तरी भाव पडला. संग्राहकाला मळ, ओरखडे, घासलेली शेपटीच हवी असते. आता हात लावू नका, फक्त ट्रक काढा. ट्रकखालचा भाग झाकलेला राहतो. तिथला रंग बाजूपेक्षा उजळ असेल आणि तळपट्टीचा दाब उमटलेला असेल तर ते ट्रक बरीच वर्षं तिथेच होते.

तापीकाठ
चाकांवरून नाही कळत?

अमळनेर_ते_सॅनहोजे
नाही. चाकं, ट्रक, बोल्ट कोणीही बदलतं. जुन्या ट्रकवर नवी फळी लावून विकणारे ढीगभर आहेत.

केळीचा_घड
काढले. एक बोल्ट गंजून बसला होता, रॉकेल सोडलं. मुलीच्या कंपासमधल्या पट्टीने मोजलं. पण भोकं चार नाहीत, एका ट्रकची सहा आहेत. एका जोडीपासून दुसरी ५.४ सेंटीमीटरवर, तिसरी ६.३ वर. मग कोणतं धरू?

अमळनेर_ते_सॅनहोजे
५.४ सेंटीमीटर म्हणजे २ पूर्णांक १/८ इंच, ६.३ म्हणजे जवळपास अडीच. दोन्ही मापं एकाच फळीत, म्हणजे रीइश्यूकडे कल. जुने-नवे कोणतेही ट्रक बसावेत म्हणून तशी भोकं देतात.

पाना_पक्कड
म्हटलं ना, कोणीही ड्रिल मारतं! जुन्या फळीला नवे ट्रक लावायला कोणीतरी जास्तीची दोन पाडली असतील.

अमळनेर_ते_सॅनहोजे
हे मात्र बरोबर. घडभाऊ, जास्तीच्या भोकांची कड बघा. रंगाचे टवके उडालेत की कड साफ आहे? रांग सरळ आहे का?

केळीचा_घड
सहाही सारखीच, कड साफ, पट्टी लावली तर रेषेत. टवके नाहीत. रंग सगळीकडे एकसारखा, ट्रकखालीसुद्धा.

सुताराचा_नातू
मामांना परत एकदा विचारा.

केळीचा_घड
केला फोन. १९८७ ला जो आणला तो मामेभावाने तेव्हाच मोडला म्हणे, होळीत गेला. हा २०१३ ला दुसऱ्यांदा गेले तेव्हा आणला, 'तसाच दिसला म्हणून'. मामी मागून म्हणाल्या, बिल अजून कपाटात आहे.
पुण्याच्या माणसाला रीइश्यू म्हणून सांगतो आणि बिलाचा फोटो पाठवतो. तरी आला तर किती सांगू?

अमळनेर_ते_सॅनहोजे
बिलावरच्या आकड्यापासून सुरुवात करा. आणि पॉलिशचं आधीच सांगा.

रॅलेवाले_काका (धुळे)
तो मोडका होळीत घालण्याआधी कोणी भोकं मोजली होती का?